पिल्लू क्रेटमध्ये रात्रभर रडतंय... त्याला झोपवायचं तरी कुठे?

पहाटवारा:

नमस्कार सगळ्यांना. पाच रात्री झाल्या, घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, म्हणून शेवटी इथे लिहितेय.

आमच्याकडे कुत्र्याचं साडेनऊ आठवड्यांचं पिल्लू आलंय, मादी आहे, मिक्स ब्रीड, नाव भुरी. दिवसा इतकी गुणी असते की विचारू नका, खेळते, खाते आणि माझ्या पायावर डोकं टाकून गाढ झोपून जाते. पण रात्री क्रेटचं (कुत्र्याला झोपवायचा जाळीचा पिंजरा) दार लावलं की आधी कुंईकुंई, मग रडणं, मग अक्षरशः किंचाळणं. पहिल्या रात्री दोन तास रडून दमून झोपली. दुसऱ्या रात्री आतच शू केली आणि त्याच ओल्या गादीवर बसून राहिली, सकाळी ते बघून मलाच रडू आलं. काल तर जाळी चावत होती, हिरडीला थोडं रक्तही दिसलं.

क्रेट हॉलमध्ये आहे, आम्ही आतल्या खोलीत दार लावून झोपतो. क्रेट मोठाच घेतलाय, पूर्ण वाढ झाल्यावर परत नवीन घ्यायला नको म्हणून. आत जाड गादी आहे.

आता सल्ले. मैत्रीण म्हणते तीन रात्री रडू दे, एकदा जरी उठून गेलीस तरी तिला कळेल की रडलं की माणूस येतो, मग संपलंच. आई म्हणते एवढंसं लेकरू ते, जवळ घेऊन झोप. नवऱ्याला पलंगावर अजिबात नकोय, एकदा वर आली की आयुष्यभर वरच. आणि ऑफिसातल्या एकाने सरळ सांगितलं की कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे क्रूरपणा. मला खरंच कळत नाहीये की मी तिला शिस्त लावतेय की तिला घाबरवतेय. रडू द्यायचं का? क्रेट ठेवायचा की परत करायचा? तुमची कुत्री रात्री कुठे झोपतात? अजून दोन आठवड्यांनी माझी सुट्टी संपतेय त्याचंही टेन्शन आहे.

—

दोन भुभूंची आई:

अगं, बाकीचं सगळं नंतर वाच, आधी तो क्रेट हॉलमधून उचल आणि आज रात्रीच तुझ्या पलंगाला खेटून ठेव. तू झोपल्या झोपल्या हात खाली सोडलास तर बोटं जाळीला लागली पाहिजेत इतका जवळ.

विचार कर, आठवड्यापूर्वी ती कशी झोपत होती? आईच्या कुशीत, भावंडांच्या ढिगाऱ्यात, कुणाचा पाय हिच्या तोंडावर, हिचं डोकं कुणाच्या पोटावर. ती ऊब, तो वास, तो श्वासाचा आवाज हे सगळं एका दिवसात गेलं आणि वर अंधार, नवीन घर, बंद दार. ती हट्ट करत नाहीये ग, हरवलेलं पिल्लू आईला हाक मारतं ती हाक आहे ती. हाकेला उत्तर मिळालं की पिल्लू गप्प होतं, आणि उत्तर मिळतं याची एकदा खात्री पटली की हाक मारायची गरजच हळूहळू कमी होते. माझ्या दोन्ही पिल्लांच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी बघितलंय. पहिल्या पिल्लाच्या वेळी मी चार रात्री जमिनीवर गादी टाकून क्रेटला तोंड करून झोपले. तो कण्हला की मी नुसतं "आहे मी" म्हणायचे आणि बोटं आत घालायचे. पाचव्या रात्री मी पलंगावर. मग दोन आठवड्यांनी क्रेट वीतभर लांब सरकवला, मग खोलीच्या कोपऱ्यात, मग दाराशी, मग पॅसेजमध्ये. मध्येच कुरकुर सुरू झाली की एक पाऊल मागे. दीड महिना लागला सगळं मिळून, पण एकही रात्र त्याला घाबरून काढावी लागली नाही.

आता साइज. मोठा क्रेट घेतलास ते चूक नाही पण सध्या तो तिला फारच मोठा होतोय. उभी राहता आली पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय ताणून कुशीवर झोपता आलं पाहिजे, बस्स. कारण सांगते. पिल्लं साधारण तीन आठवड्यांची झाली की झोपायच्या जागेवरून लुटुलुटु बाजूला जाऊन शू करायला लागतात, झोपायची जागा घाण करायची नाही हे त्यांच्यात मुळातच असतं. क्रेटचा शी-शू ट्रेनिंगला जो उपयोग होतो तो या एवढ्या एका गोष्टीमुळे. जागा ऐसपैस असली की एका टोकाला झोप आणि दुसऱ्या टोकाला बाथरूम असं होतं. बऱ्याच तारेच्या क्रेटसोबत मधे लावायची जाळी येते, बघ तुझ्याकडे असेल, ती लावून निम्मा भाग बंद कर आणि ती वाढेल तशी मागे सरकव. फक्त एक, पिल्लू जिथून आणलं तिथे जर ते घाणीतच राहत असेल तर ही सवय मोडलेली असते, मग जास्त वेळ लागतो, तिला रागावू नकोस. आणि जाड गादी सध्या काढ, ती शू शोषून घेते. साधी पातळ चादर घाल, आणि जमलं तर तुझा एक न धुतलेला जुना टीशर्ट.

रात्रीच्या शूचं. ज्या वयाची ती आहे त्या वयात रात्रभर धरून ठेवणं तिच्या हातातच नाही, ब्लॅडर एवढंसं. ती रडायच्या आधी तू उठायचं, ही खरी युक्ती आहे. झोपल्यानंतर साधारण तीन तासांनी अलार्म लाव, लीश लावून ठरलेल्या एकाच जागी ने, मोठा लाइट नाही, बोलणं नाही, खेळणं नाही, शू झाली की हळूच "शाब्बास", एक खाऊ आणि परत आत. दोन-तीन रात्री कोरड्या गेल्या की अलार्म पंधरा मिनिटं पुढे. रात्री उठलीस की ती रडून उठवायला शिकेल ही जी भीती आहे ना, ती खेळायला-लाडायला उठलीस तर खरी. शूला नेऊन परत आत ठेवण्यात तिला काही मजा नसते.

आणि दिवसा क्रेटशी मैत्री. हे लोक करतच नाहीत आणि डायरेक्ट रात्री दार लावतात. दार दोरीने उघडं बांधून ठेव, जेवणाचं भांडं आत, खाऊ आत टाक आणि तू तुझं काम कर. स्वतःहून आत जाऊन बाहेर येऊ दे, शंभरदा. ती आत बसून काहीतरी चघळत असताना दार पाच सेकंद लोट आणि रडायच्या आत उघड. मग दहा सेकंद, मग मिनिट, मग तू खोलीतून बाहेर जाऊन परत. कधीही, म्हणजे कधीही रागावून आत कोंडू नकोस. आणि आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचा, तारेत अडकून गळफास बसल्याचे प्रकार होतात.

—

मोकळं अंगण:

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्याकडे गेल्या पंधरा वर्षांत तीन कुत्री झाली, एकालाही क्रेट लावला नाही, तिघंही व्यवस्थित शिकली. स्वीडन आणि फिनलंडमध्ये तर कुत्र्याला घरात बंद पिंजऱ्यात ठेवायला नियमानेच मनाई आहे, प्रवास वगैरेंसाठी सूट आहे तेवढी. तिथली पिल्लंही शी-शू शिकतातच की. म्हणजे क्रेट हा एक मार्ग आहे, क्रेटशिवाय कुत्रं बिघडतं असं काही नाही.

आम्ही काय करायचो तर बेडरूमच्या एका कोपऱ्यात लहान मुलांसाठी असतं तसं फोल्डिंगचं कुंपण, आत अंथरूण आणि पाण्याचं भांडं. पिल्लू आम्हाला बघू शकतं, चार पावलं चालू शकतं, पण वायर चावायला जाऊ शकत नाही. बाकी रात्री उठून शूला नेणं वगैरे वर ताईंनी लिहिलंय तसंच. मला क्रेटबद्दल खरी खटकणारी गोष्ट ही आहे की रात्रीचे आठ तास, मग माणसं कामावर गेली की दिवसाचे आठ-नऊ तास, म्हणजे त्या जिवाचं निम्म्याहून जास्त आयुष्य पाठ फिरेल एवढ्या जागेत. सुरुवात सगळे चांगल्या मनाने करतात, मग ते सोयीचं होत जातं आणि तास वाढत जातात. तुम्ही तसं कराल असं म्हणत नाही, पण हिशोब मनात ठेवा.

—

दोन भुभूंची आई:

दादा, तासांच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. माझी दोघं मोठी झाल्यापासून क्रेटला दारच ठेवलेलं नाही, काढून टाकलं. थोरला आजही त्यातच जाऊन झोपतो, धाकटी सोफ्याखाली.

—

गोठा ते दवाखाना:

मी पशुवैद्य आहे, म्हणून काही गोष्टी त्या बाजूने लिहितो.

पहिलं म्हणजे हिरडीतून रक्त येईपर्यंत जाळी चावणं हे "सवय होईल" या खात्यात टाकू नका. पिल्लू कुरकुर करतंय आणि पिल्लू घाबरलंय यात फरक आहे. कुरकुर चढउतार होत होत पाच-दहा मिनिटांत विरते, मध्ये मध्ये ते कानोसा घेतं, अंग टाकतं. घाबरलेलं पिल्लू थांबत नाही, लाळ गळते, धापा टाकतं, जाळी उकरतं, शी-शू करून टाकतं, खाऊ पुढे केला तरी हुंगत नाही. ही दुसरी लक्षणं दिसली की दार उघडायचं. तीन रात्री रडू दिल्यावर चौथ्या रात्री शांतता होते हे खरं आहे बऱ्याचदा, पण ती शांतता कसली हे बाहेरून कळत नाही. काही पिल्लं शिकतात, काही नुसती हार मानतात आणि क्रेट दिसला की पलंगाखाली जाऊन बसतात. हा जुगार कशाला खेळायचा, जेव्हा शेजारी झोपून तेच काम होतं.

तासांचा ढोबळ हिशोब: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तेवढे तास ते दिवसा फार तर धरू शकतं. तुमच्या भुरीचे तीन तास, तेही ती निवांत असेल तर. झोपेत थोडं जास्त जमतं. पण ती अर्ध्या-अर्ध्या तासाला थेंब थेंब शू करत असेल, शू करताना कुंथत असेल किंवा पाणी भसाभस पीत असेल तर ट्रेनिंग बाजूला ठेवा आणि लघवी तपासून घ्या. मूत्रमार्गाचं इन्फेक्शन असलेल्या पिल्लाला कुठलाच क्रेट शिकवू शकत नाही. पातळ शी आणि फुगलेलं पोट असेल तर जंत. गोलकृमी पिल्लांना आईच्या पोटातूनच मिळालेले असतात, त्यामुळे "आमचं पिल्लू बाहेर जातच नाही" हा मुद्दा तिथे चालत नाही, जंताचं औषध वेळापत्रकाप्रमाणे झालंच पाहिजे. जवळ घेऊन झोपणार असाल तर जास्तच.

आता पलंगाचा प्रश्न. पलंगावर झोपवलं की कुत्रं डोक्यावर बसतं, स्वतःला मालक समजतं, ही समजूत जुनी आहे आणि तिला आधार नाही. अडचणी असतात त्या साध्या असतात. गोचीड-पिसवांचं औषध नियमित हवं. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, केमो चालू असेल, दमा असेल तर कुत्रं पलंगावर नको. तान्हं बाळ पलंगावर असेल तर नकोच नको. आणि गाढ झोपलेल्या कुत्र्याला दचकवलं तर चांगल्या स्वभावाचं कुत्रंही क्षणभर तोंड टाकू शकतं, मुलांना हे शिकवून ठेवा. तुमच्या स्वतःच्या झोपेबद्दल सांगायचं तर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 40 निरोगी माणसं आणि त्यांची कुत्री यांची सात रात्रींची झोप मोजली होती. अंथरुणातल्या एकूण वेळापैकी प्रत्यक्ष झोपेत गेलेला वेळ, कुत्रं खोलीत पण खाली असताना सरासरी 83 टक्के निघाला आणि पलंगावर असताना 80 टक्के. म्हणजे खोलीत कुत्रं असल्याने माणसाची झोप उडते असं काही दिसलं नाही, पलंगावर घेतल्याने थोडी कमी होते. माणसं थोडीच होती, पण माझा अनुभवही तोच. मला विचाराल तर झोपायची खोली एक, अंथरुणं दोन.

क्रेट परत करू नका एवढं मात्र सांगेन. रात्री वापरा न वापरा. माझ्याकडे मणक्याची गादी सरकलेली कुत्री येतात, पाय मोडून ऑपरेशन झालेली येतात, त्यांना चार ते सहा आठवडे छोट्या जागेत सक्तीची विश्रांती लागते. ज्या कुत्र्याला लहानपणापासून क्रेट म्हणजे आपली झोपायची जागा वाटते ते ती विश्रांती झोपून काढतं. ज्याने क्रेट कधी पाहिलाच नाही ते दुखऱ्या पायाने दारावर धडका मारतं. प्रवासातही तसंच. म्हणून शिकवून ठेवा, उघड्या दाराने का होईना. आणि वरून कापड टाकत असाल तर एक-दोन बाजू उघड्या ठेवा, कुत्र्याला घाम येऊन गार होता येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं, कोंडलेल्या हवेत ते जमत नाही. चपट्या नाकाच्या जातींना तर बिलकुल नाही.

—

काळूची ताई:

डॉक्टरांनी घाबरण्याबद्दल लिहिलंय ते वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

आमचा काळू पिल्लू म्हणून नाही आला, साधारण तीन वर्षांचा होता, रस्त्यावरून शेल्टर आणि शेल्टरमधून आमच्याकडे. ज्यांच्याकडून आम्ही ट्रेनिंगबद्दल समजून घेतलं त्यांनी सांगितलं की क्रेट म्हणजे कुत्र्याची गुहा, त्यांना ते उपजतच आवडतं, आत ठेवा आणि दुर्लक्ष करा. आम्ही ठेवलं. पहिल्या रात्री त्याने आवाज केला नाही म्हणून आम्ही खूश. कोपऱ्यात तोंड घालून उभा होता, रात्रभर बसलासुद्धा नाही, हे आम्हाला नंतर मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवलं तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी आम्ही तासाभरासाठी बाहेर गेलो आणि आलो तर क्रेटचं दार वाकलेलं, समोरचा सुळा मुळापासून तुटलेला, पंजे रक्ताळलेले आणि सगळी चादर लाळेने ओली. त्याने माझ्याकडे बघून शेपूट हलवली. ते मी कधीच विसरू शकत नाही.

गुहा वगैरे आपण म्हणतो, पण गुहेला दार नसतं आणि कडी बाहेरून लावलेली नसते. ज्या कुत्र्याला आधी कधी कोंडलं गेलंय, किंवा एकटं राहायचीच भीती आहे, त्याला क्रेट आधार वाटत नाही, त्याची सुटायची वाट बंद होते. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा सेपरेशन अँग्झायटीचा, म्हणजे एकटं राहायच्या भीतीचा प्रकार आहे, तिथे क्रेटने उलट बिघडतं. मग क्रेट घरातून गेला. आम्ही एकटं राहायची सवय अर्ध्या मिनिटापासून लावली, चप्पल घालायची आणि परत काढायची, दार उघडायचं आणि बंद करायचं, बाहेर जाऊन लगेच आत. सोबत डॉक्टरांचं औषध चालू होतं काही महिने. सात-आठ महिन्यांनी तो दोन तास एकटा झोपून राहायला लागला. रात्री कुठे झोपायचं हे आम्ही त्याच्यावर सोडलं. त्याने काय निवडलं माहितीये? बेडरूमच्या दारात, उंबऱ्यावर, अर्धा आत अर्धा बाहेर. तिथून त्याला आम्ही पण दिसतो आणि मेन डोअर पण. तिथेच मग आम्ही त्याची गादी टाकली.

तुमच्या पिल्लाचं असं होईल असं नाही म्हणत, लहान आहे, सगळं शिकेल. फक्त एकदा मोबाइल लावून रेकॉर्ड करा आणि बघा आत ती नेमकी काय करते. आवाज बंद झाला म्हणजे झोप लागली असं धरून चालू नका एवढंच.

—

पहाटवारा:

सगळ्यांचे मनापासून आभार, काळूबद्दल वाचून डोळे भरून आले.

क्रेट कालच बेडरूममध्ये आणला. मधली जाळी होतीच, आम्ही पॅकिंगमधून काढलीच नव्हती. काल रात्री मी खाली झोपले, दार फक्त लोटून घेतलं, कडी लावली नाही. बारा मिनिटं कुरकुरली (घड्याळ लावून मोजली), मग माझ्या बोटांवर नाक ठेवून झोपली. अलार्मच्या आधीच उठली पण रडली नाही, पंजाने जाळी खरवडली, बाहेर नेलं, शू केली, परत झोपली. शी-शू दोन्ही तपासायला देतेय उद्या.

दोन शंका आहेत. पहिली, हॉलमधल्या फरशीवर आणि गालिच्यावर जिथे जिथे झालंय तिथेच ती परत परत जाते, फिनाइलने पुसते मी रोज. दुसरी ती ऑफिसची. सुट्टी संपली की सकाळी आम्ही दोघं निघाल्यावर पाच तास घरी कोणी नसेल, मग माझी आई येईल. तीन तासांचा हिशोब बघता क्रेटमध्ये पाच तास होतच नाहीत ना? मग तिला कुठे ठेवू?

—

दोन भुभूंची आई:

फिनाइलने आपल्याला वास येत नाही, तिला येतो. एन्झाइमवाला क्लीनर मिळतो पाळीव प्राण्यांसाठीचा, तो टाकून लगेच पुसायचं नाही, मुरू द्यायचा, तेव्हा तो वास खरा मोडतो. अमोनिया असलेलं काही वापरू नकोस, त्याचा वास शूच्या वासाला जवळचा असतो. गालिचा दोन-तीन महिने गुंडाळून ठेव, सरळ.

पाच तास क्रेटमध्ये नाही, बरोबर ओळखलंस. वर दादांनी सांगितलं ते कुंपण दिवसासाठी घे. आत एका बाजूला क्रेट उघड्या दाराचा, दुसऱ्या बाजूला शोषणारे पॅड, पाणी, चघळायचं एक-दोन. आणि आईंना पहिले दोन महिने थोडं लवकर यायला जमतंय का बघ किंवा मध्ये अर्ध्या तासासाठी शेजारचं कोणी. सुट्टी आहे तोवर रोज थोडं थोडं तिला एकटं ठेवायची प्रॅक्टिस कर, दोन आठवडे चोवीस तास चिकटून राहून मग सोमवारी एकदम गायब झालीस तर तिला धक्का बसेल.

—

मोकळं अंगण:

कुंपणाची उंची बघून घ्या, पिल्लं महिन्याभरात चढायला शिकतात. आणि निघायच्या आधी खेळून, शू करून, पोट भरून ठेवा. या वयात पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात, पाचातले साडेतीन तास ती झोपूनच काढेल.

—

जुनी सावली:

पिल्लाचा धागा आहे तरी लिहिते, कारण मी हे सगळं आता उलट्या बाजूने करतेय.

आमची राणी साडेतेरा वर्षांची आहे. बारा वर्षं ती हॉलमध्ये आपल्या जागेवर झोपली, आम्हाला कधी विचार करावा लागला नाही. गेल्या वर्षीपासून रात्री दोन-अडीचला उठून घरभर फिरायला लागली. नखांचा टक टक टक आवाज यायचा अंधारात. कधी कपाट आणि भिंतीच्या फटीत जाऊन उभी राहायची आणि मागे यायचं कसं हे तिला सुचायचं नाही, मग भुंकायची. आधी आम्हाला वाटलं शू लागत असेल. डॉक्टरांनी किडनी, डोळे, सांधे सगळं तपासलं, सांधेदुखी निघालीच, आणि शिवाय म्हातारपणी माणसांना विसरायला होतं तसाच प्रकार कुत्र्यांमध्येही असतो, दिवस-रात्र उलटी होते, असं सांगितलं.

मग तिची जागा आम्ही आमच्या खोलीत आणली. जाड फोमची गादी, कारण कडक जमिनीवर तिचे कोपर आणि खुबे दुखतात. पाय घसरू नये म्हणून गादीपासून पाण्यापर्यंत रबरी मॅट. एक छोटा रात्रीचा दिवा. संध्याकाळी उन्हं उतरताना एक सावकाश फेरी, म्हणजे दिवसा फार झोपत नाही. औषधं चालू आहेत. अजूनही उठते, पण उठली की माझ्या पलंगाशी येते, हुंगते, मी आहे याची खात्री करते आणि परत जाते. पिल्लू असताना पहिल्या आठवड्यात ती असंच करायची, तेव्हा तिचं नाक पलंगापर्यंत पोचायचं नाही म्हणून चादर ओढायची.

म्हणून भुरीच्या घरच्यांना एवढंच, ती कुठे झोपणार हे आत्ता एकदाच कायमचं ठरवायचं ओझं घेऊ नका. ते बदलतं.

—

माऊ आणि मंडळी:

घरात मांजर असेल तर एक लक्षात ठेवा, मांजराची रात्रीची जागा उंचावर हवी जिथे पिल्लाला चढता येत नाही, आणि तिचा लिटर बॉक्स (शी-शूचा ट्रे) पिल्लाच्या कुंपणाच्या वाटेवर नको. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त जागी असतात, आमची पहाटे नेमकी क्रेटवर उडी मारायची आणि आतलं पिल्लू दचकून उठायचं. क्रेटवर पाट ठेवून त्यावर तिचीच चादर घातली, आता वर ती झोपते आणि खाली तो.

—

पहाटवारा:

तीन आठवडे झाले, सांगायचं राहून गेलं होतं.

लघवीत इन्फेक्शन निघालं होतं. म्हणजे ज्या रात्री मी तिला "ट्रेनिंग" देत होते त्या रात्री तिला खरंच धरवत नव्हतं. हे कळल्यावर मला किती वाईट वाटलं ते सांगू शकत नाही. औषधाचा पूर्ण कोर्स झाला, परत तपासलं, आता साफ आहे. डॉक्टर, तुम्ही तो एक परिच्छेद लिहिला नसता तर मी अजून अलार्मच पुढे-मागे करत बसले असते.

मैत्रिणीने सांगितलेलं रडू देणं आम्ही केलं नाही. मी नऊ रात्री खाली झोपले, मग पलंगावर गेले. आता रात्री एकदाच उठतो, साधारण साडेतीनला, परवा तर थेट पावणेपाच. ऑफिस सुरू झालं, दिवसा कुंपण, आई एक तास लवकर येते. पहिले तीन दिवस मोबाइल लावून रेकॉर्ड केलं, पहिल्या दिवशी दहा मिनिटं दाराकडे बघून भुंकली, मग चघळत बसली, मग झोप. लाळ नाही, उकरणं नाही. एकदा पॅड फाडून सगळीकडे पसरलं होतं, तेवढं चालतं.

क्रेटला रात्री कडी लावतच नाही आता. काल मी अकराला लाइट बंद करायला उठले तर ती सोफ्यावरून उतरली, आमच्या आधी बेडरूममध्ये गेली, क्रेटमध्ये दोन गिरक्या घेतल्या आणि माझा टीशर्ट तोंडाखाली ओढून पडली. नवरा म्हणाला, हळू बोल, भुरी झोपलीये.